सासूसाठी मतं मागताना

आमच्या घरात निवडणुकीची तयारी माझ्या लग्नाच्या आधीपासून चालू होती. माझे सासरे, ज्यांना सगळं गाव नाना म्हणायचं आणि म्हणून मीही, ते पंचायत समितीला उभं राहायचं या एका इच्छेपायी पंचक्रोशीतलं एकही लग्न, एकही बारसं, एकही दहावं चुकवत नसत. स्टुडिओत जाऊन त्यांनी हात जोडलेला फोटोसुद्धा काढून ठेवला होता. दोन पांढरे सदरे शिवून पेटीत डांबरगोळ्या घालून ठेवले होते. आणि नव्वदीच्या सुरुवातीला, बायकांसाठी जागा राखून ठेवायचा नियम आला तेव्हा, नेमका आमचाच गण बायकांना गेला.

आमचं गाव धुळे जिल्ह्याच्या अगदी उत्तर टोकाला. आग्रा रोडने तापी ओलांडून वर निघालं की आधी कापूस, मग थोडी केळी, मग मुरमाड जमीन आणि मग सातपुडा. डोंगराच्या पलीकडे मध्य प्रदेश. मी धुळ्याची, कॉलेज शिकलेली. लग्न होऊन या गावात आले त्याला तेव्हा तीन वर्षं झाली होती.

बातमी आली त्या दिवशी नाना ओट्यावर बसून राहिले. जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या मोठ्या गावचे आबा मोटारसायकलवर आले. आबा जिल्हा परिषदेला उभे राहणार होते आणि आमचा गण त्यांच्या गटात येत होता. गट म्हणजे जिल्हा परिषदेची जागा, गण म्हणजे पंचायत समितीची. आबांच्या खिशात एक छोटी डायरी असायची आणि त्यांना सगळ्या गोष्टींचं गणित मांडायची सवय होती.

"नाना, गणित सोपं शे," ते म्हणाले. "तुम्हना बदला वहिनीना फारम भरूत."

नानांनी मान वर केली. घरात जात्यापाशी माझ्या सासूबाई उडीद भरडत होत्या. त्यांना सगळे अक्का म्हणत. जात्याचा आवाज थांबला.

अक्का बाहेर आल्या. पदराने हात पुसले. म्हणाल्या, "फारम भरसू. पण मत मांगाले मी कोनाकडे हात जोडाव नही. आजलगून कोनापुढे जोडा नहीत."

"अहो वहिनी, निवडणूक म्हणजे मागावं लागतंच," आबा म्हणाले.

"मंग वऊले ल्या. तिले बोलानी सवय शे."

वऊ म्हणजे सून. म्हणजे मी. तेव्हा मी चुलीपुढे बसले होते आणि मला वाटलं हे माझं कौतुक आहे.

अर्ज भरला. आबांनी बरीच खटपट करून स्वतःसाठी आणि अक्कांसाठी एकच चिन्ह मिळवलं, बादली. "एकच बादली दोन्हीकडे, लोकांच्या डोक्यात पक्कं बसेल," हे त्यांचं गणित. पत्रकावर छापायला अक्कांचा फोटो लागला तर घरात त्यांचा एकटीचा एकही फोटो नव्हता. शेवटी माझ्या लग्नातल्या फोटोतून त्यांचा चेहरा कापून घेतला. प्रेसवाल्याने नीट कापला नाही. त्यामुळे प्रत्येक पत्रकावर अक्कांच्या बाजूला माझा शालूतला अर्धा खांदा आला. पुढे पंधरा दिवस जो तो विचारायचा, "हाऊ खांदा कोना शे?" आणि अक्का सांगायच्या, "मनी वऊना. आंगेच ऱ्हास ती." आंगे म्हणजे जवळ.

नानांनी मला भाषण लिहून दिलं. दोन फुलस्केप कागद. त्यात 'सर्वांगीण विकास' हा शब्द पाच वेळा होता. मी पाठ केलं. आबांनी जीप भाड्याने घेतली, वर कर्णा बांधला, आणि आम्ही निघालो. पुढे ड्रायव्हर आणि आबा, मागे अक्का, मी आणि पत्रकांचे गठ्ठे.

पहिलं गाव आमच्यापासून दोन कोसांवर. तिथल्या एका मोठ्या अंगणात वीस-पंचवीस बायका जमवल्या होत्या. मी उभी राहिले आणि सगळं भाषण न चुकता म्हटलं. बायकांनी ते शाळेतली मुलं प्रार्थना ऐकतात तसं ऐकलं. काही माझ्या बांगड्या बघत होत्या. मी थांबले तेव्हा कुणालाच कळलं नाही की संपलं. मग एका म्हातारीने अक्कांकडे वळून विचारलं, "अक्का, तुम्ही काही बोलत नहीत?"

"काय बोलू माय," अक्का म्हणाल्या. "घरमा बी हाईच बोलस, आठे बी हाईच बोलस."

अंगण हसलं. म्हातारी सरकून जवळ आली. "सुशिक्षित शे का?"

"भलती सुशिक्षित. दूध उतू जास तरी पेपर वाचस."

मग काय, अक्का सुरू झाल्या. माझ्या भाकरी गोल नसतात, नकाशासारख्या असतात. ज्वारी-उडदाच्या कळण्याचं पीठ मला अजून मळता येत नाही. मी चहा करते तो इतका पातळ की कपाचा तळ दिसतो. मी सकाळी उठते तेव्हा म्हशीचं दूध काढून झालेलं असतं आणि म्हैसही माझ्याकडे बघत असते. या म्हशीवर तर बायका डोळ्याला पदर लावून हसल्या. एकेक सासू पुढे सरकायला लागली. "आमनी बी आशीच शे व माय," म्हणून प्रत्येकीने आपापली सून बाहेर काढली. माझं सर्वांगीण भाषण कुठल्या कुठे गेलं. अर्धा तास मी तिथे उभी होते, पत्रकं छातीशी धरून, आणि माझ्याबद्दलच्या गोष्टी ऐकत होते. त्यातल्या काही मला नवीन होत्या.

निघताना त्या म्हातारीने अक्कांचा हात धरला. "मत तुम्हलेच अक्का. काही काळजी करू नका."

अक्कांनी मत मागितलंच नव्हतं. त्यांनी नुसती मान हलवली आणि जीपमध्ये चढल्या.

आबा वाटेत डायरीत लिहीत होते. पुढच्या गावात तेच झालं. तिसऱ्या गावातही तेच, फक्त तिथे म्हशीच्या जागी बैल आला. संध्याकाळी परत येताना आबा मागे वळले. फार गंभीरपणे म्हणाले, "सूनबाई, राग मानू नका. उद्यापासून तुम्ही भाषण देऊ नका."

"मग मी येऊच नको का?"

"नाही नाही, यायचं. तुम्ही नुसतं उभं राहायचं. तुम्ही समोर दिसलात तर वहिनींना रंग चढतो."

मी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. तो केळीच्या बागेतून आला होता, पाय धूत होता. तो हसला आणि म्हणाला, "तुला बरं काम मिळालं, उभं राहायचं." त्या दिवशी मी मुद्दाम चहा दाट केला. अक्का प्यायल्या आणि म्हणाल्या, "आज पत्ती जास्ती पडी गई."

चार दिवस मी उभी राहिले. खोटं कशाला सांगू, मला गंमतही वाटायला लागली होती. अक्का इतक्या छान सांगायच्या! घरात दिवसभरात दहा वाक्यं न बोलणारी ही बाई बायकांच्या घोळक्यात बसली की बोटं मोडत, डोळे फिरवत, माझी नक्कल करत असं काही सांगायची की मलाच पुढची गोष्ट ऐकायची उत्सुकता लागायची. पण पाचव्या दिवशी एका गावात मी पाणी प्यायला हातपंपावर गेले, आणि आमचं गणित कुठे चुकतंय ते तिथे कळलं.

हातपंपावर सगळ्या तरुण बायका होत्या. एकीने माझ्यासाठी पंप हापसला. मी ओंजळीने पाणी प्यायले आणि पत्रक पुढे केलं. तिने घेतलं नाही.

"आमनी सासू तिले मत देवाव शे," ती म्हणाली. "मंग आम्ही कसाले दिऊत?"

दुसरी म्हणाली, "घरनी सासू कमी शे का, आखो एक सासू निवडीसन देवानी?"

बाकीच्यांनी माना डोलावल्या. नुकतंच मताचं वय अठरावर आलं होतं. प्रत्येक घरात एक सासू असेल तर सुना दोन-दोन, तीन-तीन होत्या. हे आबांच्या डायरीत नव्हतं.

मी खाली बसले, हंड्याच्या रांगेत. आणि काय बोलायचं ते न ठरवता बोलून गेले, "अगं, तुम्ही तर तिला पंधरा मिनिटं ऐकलं. मी तीन वर्षं ऐकतेय."

जिने पंप हापसला होता ती थांबली. "खरंच तरास देस का?"

"साखरेच्या डब्याला कुलूप लावतात," मी म्हटलं. हे खरं होतं, पण ते माझ्यामुळे नाही, नानांच्या मधुमेहामुळे होतं. तेवढं मी सांगितलं नाही. "आणि घोरतात. इतक्या घोरतात की गोठ्यातली म्हैस उत्तर देते. मी भाजी केली की देवाला नैवेद्य दाखवायच्या आधी त्या चाखतात आणि मग दोन दिवस तोंड वाकडं करून फिरतात."

बायका हसायला लागल्या. भरलेले हंडेही कुणी उचलेना. मला अक्कांची युक्ती कळली होती, आणि ती किती सोपी आहे हेही. मग त्या पहिल्या मुलीने कमरेवर हात ठेवून विचारलं, "मंग तू तिनासाठे मत काब मांगी ऱ्हायनी?"

हा प्रश्न चांगलाच होता. मी म्हटलं, "निवडून आल्या तर मिटिंगला जावं लागेल. महिन्यातून दोनदा, तीनदा, तालुक्याला. सकाळी गेल्या की दिवस मावळताना परत."

ती माझ्याकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पडला. ती बाकीच्यांकडे वळली. "आयका व! हाई निवडी उनी तं हिना घरमा शांती राही!"

"एका सुनेचं कल्याण होईल," मी म्हटलं.

त्या गावातून निघताना माझ्या हातातली सगळी पत्रकं संपली होती. तेव्हापासून आमचा प्रचार दोन ठिकाणी चालायचा. अंगणात अक्का, हातपंपावर मी. अक्कांना वाटायचं मी पाणी प्यायला जाते. एकदा म्हणाल्यासुद्धा, "इतलं पानी काब पेस वं? बरं नही का तुले?"

प्रचाराच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही सीमेवरच्या पाड्यांवर गेलो. आमच्या गणात असे चार पाडे होते. जीप अर्ध्यापर्यंत जायची, पुढे पायी. तिथे महाराष्ट्र कुठे संपतो ते सांगणारा एक दगड होता आणि त्या दगडावर कुणीतरी कपडे वाळत घातले होते. लोकांची घरं अलीकडे, शेतं पलीकडे. मुली तिकडच्या, जावई इकडचे. बोली पावरी. अहिराणी त्यांना बाजारापुरती यायची.

पाड्यावर पांढऱ्या केसांची एक डोकरी होती. तिथले पुरुषही तिला विचारून बोलत. तिने पत्रक हातात घेतलं, अक्कांचा फोटो पाहिला, माझा खांदा पाहिला, आणि खालच्या बादलीवर बोट ठेवलं.

"बादली उनी," ती म्हणाली. "पानी कोठे शे?"

आबा पटकन पुढे झाले. "येईल ना आजी, पाणी येईल. आम्ही निवडून आलो की पहिलं काम..."

डोकरीने त्यांच्याकडे पाहिलंच नाही. ती अक्कांकडे बघत होती.

"पानी मना हातमा नही," त्या म्हणाल्या. "मी सांगसू तठे. ते आयकतीन का नही, माले माहीत नही."

आबांनी कपाळावर हात मारला. तेवढ्यात मी पाड्याच्या मागे नाल्यात गेले. वाळूत खड्डा करून तिथे झिरा काढला होता आणि चार-पाच सुना वाटीवाटीने पाणी भरत बसल्या होत्या. माझी सवय मला सुटेना. मोडक्यातोडक्या अहिराणीत, हाताच्या खुणा करत, घोरण्याचा आवाज काढून मी माझा कार्यक्रम केला. तो भाषेशिवायही चांगला झाला.

मतदानाला तीन दिवस राहिले असताना आबांनी ठरवलं की पाड्यांवर परत एक चक्कर मारायची. आम्ही गेलो तर पाडे रिकामे. एक आंधळा म्हातारा आणि कोंबड्या, एवढंच. म्हातारा म्हणाला, सगळे भोंगऱ्याला गेले. होळीच्या आधी डोंगरातल्या लोकांचा हा मोठा बाजार भरतो, आणि त्या दिवशीचा बाजार सीमेपलीकडे, सेंधव्याच्या अलीकडे होता.

"चला," आबा म्हणाले.

"कोठे?" अक्कांनी विचारलं.

"मतदार जाई तठे उमेदवारनं जावं."

आग्रा रोडच्या नाक्यावर जीप अडवली. खिडकीतून एकाने डोकावून विचारलं, "माल काय आहे?"

"उमेदवार," ड्रायव्हर म्हणाला. त्या माणसाने अक्कांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, गठ्ठ्यांकडे पाहिलं आणि हात हलवून सोडून दिलं.

बाजारात पाय ठेवायला जागा नव्हती. माणसाएवढे ढोल, बासऱ्या, एकाच रंगाच्या लुगड्यांत हातात हात घालून चाललेल्या मुली, गुलाल, खजुराचे ढीग, साखरेचे हार. आबा जीपच्या बॉनेटवर उभे राहिले आणि पत्रकं वाटायला लागले. लोक हसून घेत होते. "हाँ हाँ, दे देंगे! बाल्टी ना? पक्का!" असे शेकड्याने लोक म्हणाले. आबांचा चेहरा फुलला. इतका पाठिंबा त्यांना सगळ्या प्रचारात मिळाला नव्हता. शेवटी त्यांनी एका उत्साही माणसाला विचारलं, "कोणतं गाव तुमचं?" त्याने डोंगराच्या दुसऱ्या बाजूला हात केला. मग आबांनी दुसऱ्याला विचारलं, तिसऱ्याला विचारलं. सगळे तिकडचेच. आबा बॉनेटवरून हळूच उतरले आणि त्यांनी डायरीतलं त्या दिवसाच्या गणिताचं पान फाडलं.

अक्कांना ढोलाने घेरलं होतं. त्या कानांवर हात ठेवून एका जिलेबीवाल्यापाशी उभ्या होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेलं हसू होतं. तेवढ्यात पाड्यावरची ती डोकरी समोर आली. कपाळाला गुलाल, हातात खजूर. बरोबर तिच्या दोन सुना. मला बघताच दोघी खुदकन हसल्या आणि एकीने नाकातून घोरण्याचा आवाज काढला.

अक्कांनी विचारलं, "काय व्हयनं वं?"

डोकरी सरळ बाई होती. तिने सरळ सांगितलं. तुझ्या सुनेने आमच्या सुनांना सांगितलं की तू घोरतेस, साखरेला कुलूप लावतेस, आणि तुला निवडून दिलं तर तू घराबाहेर राहशील आणि ती सुटेल. मग खजूर चावत तिने भर घातली की, मत तुलाच आहे, पाण्याचं तू खोटं बोलली नाहीस.

ढोल वाजत होते. अक्कांनी माझ्याकडे पाहिलं आणि नुकताच घेतलेला जिलेबीचा पुडा जिलेबीवाल्याला परत दिला.

परतीच्या वाटेवर त्या एक शब्द बोलल्या नाहीत. नाका गेला, घाट गेला, आमचा फाटा आला. मी तोंड उघडायचा दोनदा प्रयत्न केला आणि दोन्ही वेळा ड्रायव्हरने आरशातून माझ्याकडे बघून मान हलवली. घरी अक्कांनी माझ्या हातचं जेवण घेतलं, पण रोजच्यासारखं मिठाबद्दल काही बोलल्या नाहीत. त्यांनी मिठाबद्दल बोलू नये हे मला फारच लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाकरी थापत होते. अक्का येऊन समोर बसल्या. मग हळू आवाजात, दुखणं सांगावं तसं, विचारलं, "मी घोरस का?"

मला खोटं बोलता आलं असतं. "थोडंसं," मी म्हटलं.

"यासनी तं कधी सांगं नही."

ओट्यावरून नानांचा आवाज आला, "तीस वरीस व्हई गयात, सांगी ऱ्हायनू! आयकस कोन?"

अक्का दाराकडे बघत राहिल्या. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला आधी वाटलं रडतात. पण त्या हसत होत्या. मीही हसले आणि तव्यावरची भाकरी करपली.

"ती साखर," मी म्हटलं, "ते मी अर्धंच सांगितलं. चुकलं माझं."

"मी तरी पुरं कोठे सांगं?" अक्का म्हणाल्या. "भाकरी तुन्या गोल व्हतीस. दोन वरीस व्हयनात. मी चंद्रनागत भाकरी आशा सांगू तं आयकी कोन?"

"आणि चहा?"

"चहा पातळच शे," त्या म्हणाल्या आणि करपलेली भाकरी आपल्या ताटात ओढून घेतली.

त्या दिवशी शेवटच्या फेरीला आम्ही दोघी एकाच अंगणात बसलो. सासवाही होत्या, सुनाही होत्या. अक्कांनी सुरुवात केली, मी मधेच तोडलं, त्यांनी मला खोडलं. बायकांनी मजा पाहिली. आबा जीपमध्ये बसून होते. त्यांनी डायरी काढलीच नाही.

मतदान झालं. दोन रंगांच्या दोन चिठ्ठ्या होत्या, एक आबांसाठी, एक अक्कांसाठी. मोजणी तालुक्याला, शाळेच्या एका मोठ्या खोलीत. नाना सकाळपासून खिडकीच्या गजांना धरून उभे होते. दुपारी निकाल आला. अक्का निवडून आल्या, बऱ्यापैकी फरकाने. आबा पडले. तीच गावं, तीच बादली, तोच कर्णा. कितीतरी बायकांनी अक्कांच्या चिठ्ठीवर शिक्का मारून आबांची चिठ्ठी तशीच कोरी घडी घालून पेटीत टाकली होती.

आबा आमच्या ओट्यावर येऊन बसले. मी त्यांना चहा दिला. नानांनी त्यांचं सांत्वन करायचा प्रयत्न केला तर ते हात वर करून म्हणाले, "नाना, माझं गणित कुठे चुकलं ते मला कळलं. माझे दोन्ही पोरं बिनलग्नाचे. घरात सून असती तर मीही काही बोललो असतो."

पंधरा दिवसांनी पंचायत समितीची पहिली सभा आली. सुनांच्या कल्याणाचा दिवस, असं मी मनात म्हटलं. पण अक्का सकाळी तयार होऊन माझ्यापुढे येऊन उभ्या राहिल्या. "लुगडं बदल. कागद कोन वाची?" मग आम्ही दोघी एस.टी.ने निघालो.

सभागृहाच्या दाराशी एक लांब बाक होता. अक्का आत गेल्या, मी बाकावर बसले. दार उघडं होतं, आतलं दिसत होतं. अक्कांखेरीज तिथे आणखी काही बायका सभासद होत्या, प्रत्येकीच्या शेजारी तिचा नवरा खुर्ची ओढून बसला होता आणि तिच्यापुढचे कागद चाळत होता. अक्कांच्या शेजारची खुर्ची रिकामी होती. एका साहेबांनी अदबीने विचारलं, "अक्का, तुमचे मालक नाही आले?"

"ते घरमा शेतस," अक्का म्हणाल्या. "माले वाची दाखाडाले मनी वऊ उनी शे. पण ती सभासद नही ना, म्हनीसन बाहेर बशेल शे."

साहेबांनी अक्कांकडे पाहिलं, मग त्या खुर्च्यांकडे पाहिलं. त्यांनी घसा साफ केला आणि नियमाबद्दल काहीतरी पुटपुटले. मग एकेक खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि एकेक नवरा टोपी सावरत बाहेर आला. बाक लांब होता तरी पुरेना. मी खिडकीकडे सरकले. माझ्या शेजारी बसलेल्या पागोटेवाल्या गृहस्थांनी बराच वेळ दाराकडे कान लावून पाहिला, काही ऐकू येईना, तेव्हा ते माझ्याकडे वळले.

"तुमचं कोण आत?" त्यांनी विचारलं.

"सासू," मी म्हटलं.

त्यांनी समजुतीने मान हलवली आणि पिशवीतून शेंगदाणे काढून माझ्यापुढे धरले.